ह्यो कॅमेरो खयचो?

“लायका सापडला!” असा कुणाचा फोन आला, तर अभिनंदन करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : लेन्स काढून आत बघितलंस का, चाक आहे की जीभ? चाक असेल तर आशा आहे. जीभ असेल तर चहा आपणच पाजावा, कारण गडी नुकताच फसलेला आहे.

हे चाक-जिभेचं प्रकरण पुढे येईलच. त्याआधी, हे जुने परदेशी कॅमेरे कणकवलीत येतात कुठून? १९९१च्या आधी असा कॅमेरा दुकानात जाऊन सहज घेण्याची सोय नव्हती. आयातीवर परवान्यांचा आणि जकातीचा जाच होता. त्यामुळे तो यायचा माणसांच्या सामानातून. कुणी बोटीवर होता, कुणी आखातात, कुणी मुंबईचा चाकरमानी ज्याचा साहेब विलायतेला जाऊन आलेला. गणपतीला, लग्नाला, बारशाला तो कॅमेरा मिरवला. मग रोल महागले, मोबाइल आले आणि कॅमेरा पत्र्याच्या पेटीतून माळ्यावर गेला. घराची डागडुजी निघाली की तो माळ्यावरून भंगारवाल्याकडे किंवा ओळखीच्या स्टुडिओच्या कपाटात जातो. विचारलं तर उत्तर ठरलेलं : “आमच्या आज्यान बोटीवरसून आणललो.” कंपनी कुठली? “ता वाचूक येना नाय.”

वाचायला शिकू या.

आधी बघा, रेंजफाइंडर आहे का?

पुढून बघितलं तर लेन्सच्या वर दोन खिडक्या दिसल्या पाहिजेत. एक मोठी, जिच्यातून आपण बघतो. आणि तिच्यापासून थोडी लांब एक चिमुकली. आता डोळा लावा. मधोमध फिकट पिवळा ठिपका दिसतोय? कॅमेरा घेऊन कणकवलीच्या पटवर्धन चौकात उभे राहा आणि समोरची एखादी रिक्षा धरा. एक रिक्षा नीट दिसेल आणि ठिपक्यात तिचंच भूत, जरा बाजूला सरकलेलं. लेन्सचं कडं हळूहळू फिरवा. भूत सरकत सरकत रिक्षात शिरतं. पुरतं शिरलं, दोन हेडलाइटचे चार दिसायचे थांबले, की फोकस झाला.

यामागे शाळेतला त्रिकोण आहे. दोन खिडक्यांमधलं अंतर हा पाया. दोन्हींतून वस्तूकडे जाणाऱ्या रेषांमधल्या कोनावरून अंतर कळतं. युद्धनौकांवरचे तोफखानेवाले हाच हिशेब कित्येक फूट लांब नळ्या लावून करायचे. कॅमेऱ्यात लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर पहिल्यांदा कोडॅकने १९१६मध्ये आणला. आपल्या हातात येतात ते बहुतेक १९५०च्या आणि १९८०च्या मधले.

ठिपका नसेल तर बरेचदा तो दुसराच कोणीतरी असतो. आगफा क्लिक थ्री हा बडोद्यात बनणारा डबा कॅमेरा घराघरात होता. गोड आहे, पण रेंजफाइंडर नाही. याशिका एमएफ-२ नाही, हॉट शॉट तर नाहीच. डोक्यावर त्रिकोणी टेंगूळ असेल तर तो एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला. एखाद्याचा ठिपका म्हातारपणी विझलेलाही असतो, म्हणून पुढच्या दोन खिडक्या आधी मोजाव्यात.

या जातीची एक खोड आधीच सांगून ठेवतो. आपण बघतो ते लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून. त्यामुळे लेन्सवर टोपी तशीच राहिली तरी सगळं लख्ख दिसतं. मंगलाष्टकं, अक्षता, विहीण, व्याही, पंगत, सगळं दिसतं आणि धुतल्यावर रोल कोरा निघतो. जवळून फोटो काढला तर बघायची खिडकी आणि लेन्स यांच्या जागांतल्या फरकामुळे डोकंही छाटलं जातं. जुन्या अल्बमांतल्या बिनकपाळाच्या काकांना याच जातीने अर्धं केलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

भलतं नाव वाचू नका

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. लेन्सच्या कड्यावर ‘कोपल’ लिहिलेलं असतं आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो, कोपल कंपनीचा कॅमेरा. कोपल हे शटर बनवणाऱ्याचं नाव. सेकोशा, कॉम्पूर, प्रॉन्टोर हेही शटरच. कॅमेऱ्याचं नाव वरच्या पट्टीवर किंवा पुढच्या कपाळावर असतं. तिथलं खोदकाम घासून गेलं असेल तर टॉर्च बाजूने तिरका मारावा. अक्षरांच्या कडा उठून दिसतात.

सोनेरी अंडाकृती चिठ्ठीवर इंग्रजीत ‘पास’ झाल्याचं लिहिलंय? तो जपानच्या कॅमेरा तपासणी संस्थेचा शिक्का. निर्यातीचा माल तपासून गेला एवढाच त्याचा अर्थ, आणि तुमच्या आजोबांनी तो खरवडून काढला नाही याचा पुरावा. तळाशी ‘व्यापलेल्या जपानमध्ये बनवलेला’ अशा अर्थाचं इंग्रजी खोदकाम निघालं तर मात्र नीट बसून घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता आणि १९५२मध्ये तो ताबा सुटला. म्हणजे कॅमेरा त्याआधीचा.

लेन्सभोवती खडबडीत, दाणेदार काचेचं कडं असेल तर तो सेलेनियमचा प्रकाशमापक. याला बॅटरी लागत नाही, उजेडावरच तो चालतो. म्हातारपणी आंधळा होतो एवढंच. फ्लॅश बसवायच्या खाचेत मधोमध धातूचा ठिपका नसेल तर कॅमेरा सहसा जुन्या पिढीतला.

बहुतेक वेळा तो याशिकाच असतो

आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ हा १९६६मध्ये आला. तुम्ही लेन्सचं छिद्र ठरवायचं, शटरचा वेग त्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवणार. वर दोन दिवे : लाल लागला की उजेड फार, पिवळा लागला की वेग मंद, हात हलवू नका. लेन्स ४५ मिलिमीटरची, एफ १.७. पंगतीत पेट्रोमॅक्सच्या उजेडातही चालून जाईल अशी. वजन पाऊण किलोच्या आसपास, त्यामुळे गळ्यात घालून कुणकेश्वराची जत्रा फिरलेल्या माणसाची मान ओळखू येत असावी.

मॉडेलच्या नावातली इंग्रजी अक्षरं वाचायची युक्ती सोपी आहे. जीएस आणि जीएसएन म्हणजे चंदेरी, जीटी आणि जीटीएन म्हणजे काळा. शेवटचा ‘एन’ असेल तर फ्लॅशच्या खाचेत तो धातूचा ठिपका हवा. ‘एन’वाले १९७३पासूनचे. काळे कमी दिसतात, म्हणून त्यांना भाव जास्त.

विकत घेण्याआधी डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासा. रोल पुढे घेणारी दांडी अंगठ्याने पूर्ण ओढा. आतून ‘खट्’ असा भरीव आवाज आला पाहिजे. आत एक चिमूटभर रबराची गादी असते, ती कालांतराने विरघळून चिकट होते आणि मग सगळं मोजमाप बिघडतं. जगभरचे याशिकावाले या गादीला मृत्यूची गादी म्हणतात. खट् नसेल तर किंमत निम्म्यावर आणायला हरकत नाही.

बॅटरीचं काय? मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी केव्हाच बंद झाली. आजची सहा व्होल्टची चिमुकली बॅटरी, एक स्प्रिंग आणि थोडा कागद गुंडाळून काम भागतं. बॅटरी नसतानाही बटण दाबलं तर शटर उडतं, पण प्रत्येक वेळी एकाच वेगाने, सेकंदाच्या पाचशेव्या भागाने. “चलता मां?” असं म्हणून विकणारा टिक् करून दाखवतो तो हाच. चलता खरा, पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

जाता जाता : २०१२च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये पीटर पार्करच्या हातात इलेक्ट्रो ३५च आहे. तुमच्या आज्याची आणि स्पायडर-मॅनची आवड एकच निघाली.

चाक की जीभ

आता लायकाकडे. जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बर्नाक नावाचा यंत्रज्ञ होता. त्याला दम्याचा त्रास, आणि त्या काळचे काचपट्टीचे कॅमेरे म्हणजे हमालाचं ओझं. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धरून खिशात मावेल असा कॅमेरा १९१४च्या सुमारास बनवला. मग महायुद्ध झालं, आणि १९२५मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका विक्रीला आला. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर त्याला मिळाला १९३२मध्ये. १९४८च्या ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींना त्यांच्या हत्येच्या थोडा वेळ आधी भेटून गेलेला फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायकावरच काम करायचा. चकाकी दिसू नये म्हणून तो कॅमेऱ्याला काळी पट्टी चिकटवून ठेवी.

आता नक्कल. युक्रेनमधल्या खारकिव्हला अनाथ, रस्त्यावर वाढलेल्या मुलांची एक वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ अंतोन मकारेन्को ती चालवायचे. ही मुलं आधी विजेवर चालणारी ड्रिल यंत्रं बनवत होती. मग कुणीतरी त्यांच्यापुढे लायका ठेवला आणि १९३४पासून त्या पोरांनी चक्क त्याची नक्कल कारखान्यातून काढायला सुरुवात केली. वसाहतीला नाव होतं सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच जेर्झिन्स्कीचं. त्याची आद्याक्षरं जोडून कॅमेरा झाला ‘फेड’. गुप्त पोलिसाच्या नावाचा कॅमेरा, अनाथ मुलांच्या हातचा. लायकापेक्षा ही गोष्ट मला जास्त आवडते.

नक्कल म्हणून हिणवायचं कारणही नाही. फोंडा घाट चढून कोल्हापुरात गेलात तर तिथे बाबूराव पेंटरांनी परदेशी यंत्राची रचना अभ्यासून स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला होता, आणि १९२०चा ‘सैरंध्री’ त्यावर उतरवला.

फेडच्या पाठोपाठ मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये १९४८पासून ‘झोर्की’ निघाला. लबाडी इथून पुढची, आणि ती कारखान्याची नव्हे. फेड-झोर्कीचं मूळ नाव घासून त्यावर ‘लायका’ कोरतात, सोन्याचा मुलामा देतात, गरुड काढतात, बर्लिन ऑलिंपिक १९३६ किंवा जर्मन हवाई दल असं काहीबाही लिहितात. जेवढी जास्त नक्षी, तेवढी जास्त शंका घ्यावी. हे सजवलेले नमुने मुंबईच्या चोरबाजारापासून युरोपातल्या बाजारांपर्यंत सगळीकडे भेटतात.

म्हणून लेन्स फिरवून काढायची. ती ३९ मिलिमीटरच्या आट्यांवर बसलेली असते. भोकातून आत वरच्या बाजूला बघा. लेन्सच्या मागच्या कडेला टेकून मागेपुढे होणारा एक छोटा भाग दिसेल. लेन्स किती फिरली हे तोच रेंजफाइंडरला कळवतो. लायकात तिथे गोल फिरणारं चाक असतं. जुन्या फेड-झोर्कीत निमुळती, पाचरीच्या आकाराची जीभ. नाव खोटं कोरता येतं, सोनं चढवता येतं. हा भाग बदलायच्या फंदात भामटे सहसा पडत नाहीत. बाहेरून दुसरी खूण : बघायच्या मोठ्या खिडकीभोवती खऱ्या लायकाला उठावदार पायरीसारखी चौकट असते, जुन्या फेडला तिथे सपाट पत्रा.

आट्यांऐवजी खटक्याने बसणारी लेन्स निघाली तर गोष्ट वेगळी. लायकाचा एम ३ हा १९५४मध्ये आला आणि त्याचे क्रमांक ७,००,०००पासून सुरू होतात. वरचा क्रमांक त्याहून कमी आणि दावा मात्र एम ३चा, असं असेल तर गोड हसून पुढे चालू लागावं.

झोर्की म्हणूनच झोर्की मिळाला असेल तर आनंदाने घ्या. मात्र एक पथ्य : आधी रोल पुढे घ्यायचा, मग शटरचा वेग बदलायचा. उलटं केलंत तर आतली यंत्रणा दुखावते. दुकानात पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक जण नेमका ती चकती आधी फिरवतो. कीव्हच्या आर्सेनल कारखान्यातला ‘कीव्ह’ मिळाला तर क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा. ६८ असेल तर १९६८. क्रास्नोगोर्स्कच्या बऱ्याच लेन्सनाही हाच हिशेब लागतो, फेडला लागत नाही. कीव्हचं मूळ लायकात नाही, दुसऱ्या जर्मन कॅमेऱ्यात आहे : युद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री भरपाई म्हणून सोव्हिएत संघाने उचलून नेली, त्यातून तो जन्मला.

कान्हेरीचा नातेवाईक

कॅनन कंपनीचा १९३४चा पहिला नमुना ‘क्वानन’ नावाने ओळखला जायचा. हे नाव जपानी लोक ज्या कान्नोनची पूजा करतात त्या देवतेचं, म्हणजे आपल्या बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचं. बोरिवलीला कान्हेरीच्या ४१व्या लेण्यात त्याची अकरा मुखांची मूर्ती आहे. त्या कॅमेऱ्याच्या लेन्सचं नाव होतं ‘कश्यप’, बुद्धाचा शिष्य महाकाश्यप याच्यावरून. आणि १९३६मध्ये कॅमेरा बाजारात आला तेव्हा त्याची लेन्स बनवली होती निप्पॉन कोगाकूने, म्हणजे पुढे निकॉन म्हणून जे कॅननचे कट्टर प्रतिस्पर्धी झाले त्यांनीच.

सेकंडहँड बाजारात भेटतो तो कॅननचा ‘कॅनोनेट’. १९६१च्या जानेवारीत विक्रीला आला तेव्हा आठवडाभरासाठी ठेवलेला साठा दोन तासांत संपला. पुढच्या मॉडेलांवर ‘क्यूएल १७’ दिसेल : क्यूएल म्हणजे रोल झटपट भरायची सोय, १७ म्हणजे एफ १.७ची लेन्स. १९७२च्या मॉडेलच्या पुढ्यात बारीक अक्षरात ‘जी-थ्री’ असतं, लेन्स ४० मिलिमीटरची. बॅटरी मेली तरी याचं शटर सगळ्या वेगांवर चालतं. याशिका आणि हा, दोन्ही शेजारी ठेवलेले असतील तर मी हा उचलेन; खिशातही कमी लोंबतो.

चाळीस डॉलरचा अंतराळवीर

१९६२च्या २० फेब्रुवारीला जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला अमेरिकन ठरला. त्याने बरोबर नेलेला कॅमेरा कोको बीचच्या औषधाच्या दुकानातून चाळीस डॉलरला घेतलेला होता. नाव ॲन्स्को ऑटोसेट, पण आतून तो मिनोल्टा हाय-मॅटिक. हातमोज्यांत धरता यावा म्हणून तो उलटा करून त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवली. यानात दुसराही कॅमेरा होता, अतिनील किरणांच्या कामासाठी बदललेला लायका. लोकांनी डोळे भरून बघितले ते औषधाच्या दुकानातल्याचे फोटो.

अमेरिकेची आणखी एक देणगी : आर्गस सी ३. आकार इतका चौकोनी की टोपणनावच पडलं वीट. पुढ्यात दातेरी चाकं उघडी. १९३९पासून १९६६पर्यंत निघत होता. ‘हॅरी पॉटर’च्या दुसऱ्या सिनेमात तो छोटा कॉलिन क्रिव्ही सगळ्यांना ज्या कॅमेऱ्याने हैराण करतो, तो हाच.

भावाचं भूत

२०२२च्या जूनमध्ये वेट्झलारच्या लिलावात बर्नाकचा स्वतःचा, क्रमांक १०५चा लायका १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. ही बातमी मोबाइलवर फिरत फिरत विकणाऱ्यापर्यंत पोचलेली असते, आणि मग त्याच्या याशिकाचा भाव एका रात्रीत चढतो. त्याला सांगून उपयोग नसतो की जुना म्हणजे दुर्मीळ नव्हे. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या संग्रहातले ४,४२५ कॅमेरे २००३मध्ये मोजले गेले आणि गिनेस बुकात नोंद झाली. एका माणसाकडे एवढे मावत असतील, तर जगात जुने कॅमेरे किती असतील याचा अंदाज करा.

आपला खरा शत्रू

चोर नव्हे, पाऊस. सिंधुदुर्गात पावसाळ्याचे चार महिने भिंतीला ओल येते, चपलेवर बुरशी येते, तीच लेन्सलाही लागते. घेण्याआधी छिद्र पूर्ण उघडा, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. थोडी धूळ चालेल, पण जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर बुरशी काचेवरच्या लेपाला खात बसलेली आहे. चामड्याची ऐटदार पेटी बरोबर मिळाली म्हणून खूश होऊ नका. चामडं ओल धरतं, बुरशीचं बिऱ्हाड सहसा तिथेच असतं. पेटी वेगळी ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. तांदळात पुरून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तांदूळ शिजवून खा, त्याची पूड शटरमध्ये जाते.

उघडण्याआधी थांबा

कॅमेरा हातात आला की पहिला मोह मागचं झाकण उघडायचा. आधी रोल परत गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून बघा. मोकळी फिरली तर आत बहुधा काही नाही. ताण लागला तर आत कुणाचा तरी अर्धा राहिलेला रोल आहे, आणि झाकण उघडलंत तर तो तिथेच संपला. गुंडाळायचं बटण दाबून रोल पुरता आत घ्या, मगच उघडा.

डबीवर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचं ‘इंदू’ नाव निघालं तर आत बहुधा कृष्णधवल फोटो असतील आणि तीस-चाळीस वर्षांनीही काही ना काही उमटण्याची शक्यता आहे. रंगीत रोल असेल तर जाणकार प्रयोगशाळेला तोही कृष्णधवलासारखा धुवायला सांगा. रंग गेलेले असतात, माणसं बरेचदा शिल्लक असतात. कोडाक्रोम निघाला तर रंग मिळायचा मार्गच उरलेला नाही. ती धुण्याची खास रसायनं संपली आणि अमेरिकेतल्या कॅन्सासमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१०च्या अखेरीस रोल घेणं बंद केलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा कोडाक्रोम छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीला मिळाला होता आणि त्यातल्या काही फ्रेम त्याने मुंबईत खर्च केल्या, अमिताभ बच्चन आणि आमिर खान यांच्यावर.

रोल धुवायला देताना पाकिटावर कॅमेऱ्याचं नाव, रोलचं नाव आणि अंदाजे साल ठळक लिहा, आणि एक ओळ जास्तीची : ‘फोटो छापू नयेत, आधी निगेटिव्ह दाखवावी.’ छपाईचे पैसे वाचतात, आणि आजोबांनी टोपी काढली होती की नाही तेही त्याच वेळी कळतं.